आचाराने माणूस घडतो : बिशप विल्यम ऑफ विकम यांच्या नियमावलीचे वाचन

१

शाळा स्थापन करणाऱ्यांचे मूल्यमापन करताना आपली नजर प्रथम त्यांच्या इमारतींकडे जाते. दगड टिकतो, दुरून दिसतो आणि त्यावर नाव कोरता येते. चौदाव्या शतकातील इंग्लंडचे बिशप आणि राज्यकर्ते विल्यम ऑफ विकम यांच्या बाबतीत तर हा मोह आवरणे अधिकच कठीण, कारण त्यांचा उदयच मुळी बांधकामावरील देखरेखीतून झाला. ऑक्सफर्डचे न्यू कॉलेज आणि विंचेस्टरचे विद्यालय या त्यांच्या दोन्ही वास्तू सहा शतकांनंतरही उभ्या आहेत व तेथे आजही अध्ययन चालते. परंतु या वास्तूंबरोबर विकम यांनी आणखी एक गोष्ट मागे ठेवली. ती म्हणजे या दोन संस्थांसाठी लॅटिन भाषेत सिद्ध केलेल्या नियमावल्या. १४०० साली त्यांना अखेरचे रूप मिळाले, तेव्हा विकम वयाची पंचाहत्तरी ओलांडून गेले होते.

प्रस्तुत लेखात या नियमावलीकडे एक साहित्यकृती म्हणून पाहण्याचा विचार आहे. तिच्या कर्त्याला काय साधायचे होते, त्यासाठी त्याने कोणते शब्द योजले, कोठे तो ठाम राहिला, कोठे त्याने सैल सोडले आणि पुढील पिढ्यांनी ते शब्द कसे वाचले, हे प्रश्न एखाद्या ग्रंथाला विचारावेत तसे तिला विचारता येतात. विकम यांचे खरे कर्तृत्व या लेखनात आहे आणि त्यांची खरी उणीवही याच लेखनात आहे, असे माझे मत आहे.

२

विकम यांचा जन्म १३२४ च्या सुमारास हॅम्पशर परगण्यातील विकम या गावी झाला. वडील जॉन लाँग हे स्वतंत्र, पण साधे ग्रामस्थ. एका आश्रयदात्याच्या मदतीने मुलगा विंचेस्टरला शिकला. विद्यापीठाचे तोंड मात्र त्याने विद्यार्थी म्हणून कधी पाहिले नाही. लेखनिक म्हणून राजसेवेत शिरल्यावर १३५६ साली विंडसरच्या राजवाड्यातील बांधकामावर देखरेख करण्याचे काम त्यांच्याकडे आले आणि तेथून त्यांचे भाग्य उघडले. चोख हिशेब, माणसांकडून काम करवून घेण्याची हातोटी आणि राजा तिसरा एडवर्ड याचा विश्वास या तिन्ही गोष्टी जुळून आल्या. १३६३ मध्ये ते खासगी राजमुद्रेचे रक्षक झाले. त्यांच्यावाचून राज्यात काहीच होत नाही, अशा अर्थाची नोंद फ्र्वासार या समकालीन इतिवृत्तकाराने करून ठेवली आहे. १३६७ मध्ये विंचेस्टरचे बिशप म्हणून त्यांचा अभिषेक झाला आणि त्याच वर्षी ते चॅन्सेलर, म्हणजे राज्याचे मुख्य मंत्री झाले.

या भरभराटीची दुसरी बाजू धर्मगुरूने तरी झाकून ठेवू नये. त्या काळी राजा आपल्या सेवकांचा मोबदला बहुधा ख्रिस्तसभेच्या मिळकतीतून भागवी. विकम यांना धर्मगुरुपदाची दीक्षा १३६२ साली मिळाली; पण त्याच्या आधीपासूनच धर्मग्रामांची आणि कॅथेड्रलमधील पदांची उत्पन्ने त्यांच्या नावावर जमा होऊ लागली होती. एकाच व्यक्तीने अनेक पदे धारण करण्याच्या प्रथेला आळा घालण्यासाठी पोप पाचवे अर्बन यांनी अशा मंडळींकडून उत्पन्नाचा तपशील मागवला. १३६६ साली विकम यांनी दिलेल्या तपशिलात वर्षाची मिळकत ८०० पौंडांहून अधिक भरते. ज्या गावांच्या दशमांशावर हे उत्पन्न उभे होते, तेथील मिस्सा, बाप्तिस्मे आणि अंत्यविधी अल्प वेतनावर ठेवलेले दुसरेच कोणी उरकत असे. हिशेब ठेवण्यात आणि किल्ले बांधण्यात निपुण असलेल्यांनाच धर्मपदे मिळतात, असा टोमणा जॉन विक्लिफने मारला होता. त्याचा रोख विकम यांच्यावर होता असे मानले जाते. विक्लिफची शिकवण आपण स्वीकारत नाही. पण टोमणा खरा होता हे मान्य करण्यास त्यामुळे अडचण येऊ नये.

राजदरबाराने जे दिले ते राजदरबाराने हिरावूनही घेतले. १३७१ मध्ये पार्लमेंटच्या मागणीमुळे विकम यांना चॅन्सेलरपद सोडावे लागले. १३७६ मध्ये राजपुत्र जॉन ऑफ गाँट याच्या गटाने त्यांच्यावर गैरकारभाराचे आरोप ठेवले, धर्मप्रांताची स्थावर मिळकत जप्त झाली आणि दरबाराच्या वीस मैलांच्या आत येण्यास त्यांना बंदी झाली. १३७७ च्या जूनमध्ये, राजाच्या मृत्यूच्या तीन दिवस आधी, ती मिळकत परत मिळाली. दुसरा रिचर्ड याच्या कारकिर्दीत १३८९ ते १३९१ या काळात ते पुन्हा चॅन्सेलर झाले. न्यू कॉलेजची सनद मात्र मधल्या, सत्तेबाहेरच्या काळातली आहे. ती २६ नोव्हेंबर १३७९ ची. बिशपची संपत्ती एका हुकुमाने जाऊ शकते हे ज्याने सोसले, त्याने आपल्या संस्थांची मालमत्ता संस्थांच्याच नावावर ठेवली. हा योगायोग नसावा.

३

सत्तेच्या शिखरावरील या माणसाला शाळा का काढावीशी वाटली? त्याचे उत्तर १३४८-४९ च्या महामारीत आहे. काळ्या मृत्यूच्या त्या साथीत विंचेस्टर धर्मप्रांतातील पदस्थ धर्मगुरूंपैकी जवळजवळ निम्मे दगावले. १३६१ मध्ये साथ पुन्हा उलटली. रोग्यांच्या अंथरुणाशी जाणारे धर्मगुरू आधी गेले, हे आपण कोणीही समजू शकतो. त्यांच्या जागी घाईघाईने जे आले, त्यांपैकी अनेकांना मिस्सेच्या ग्रंथातील लॅटिनही नीट उमगत नसे. साथीने, युद्धांनी आणि जगातील इतर विपत्तींनी धर्मगुरूंची संख्या घटली आहे, ही वेदना विकम यांनी न्यू कॉलेजच्या सनदेतच नमूद केली आहे.

त्यांचा उपाय बांधकाम करणाऱ्याच्या पद्धतीचा होता. वरचा मजला चढवण्याआधी त्यांनी पाया पाहिला. १३७३ मध्येच त्यांनी विंचेस्टर येथे गरीब विद्यार्थ्यांना व्याकरण शिकवण्यासाठी एका शिक्षकाशी दहा वर्षांचा करार केला होता. व्याकरण म्हणजे त्या काळी लॅटिन भाषा. सर्व विद्यांचा पाया आणि प्रवेशद्वार तेच, असे त्यांनी विद्यालयाच्या सनदेत म्हटले आहे. पोप सहावे अर्बन यांची अनुमती १३७८ मध्ये मिळाली आणि विंचेस्टर विद्यालयाची सनद २० ऑक्टोबर १३८२ रोजी झाली. ऑक्सफर्डच्या नव्या वास्तूत विद्यार्थी १४ एप्रिल १३८६ रोजी राहावयास गेले. विंचेस्टरची वास्तू २८ मार्च १३९४ रोजी सुरू झाली.

दोन्ही ठिकाणी विद्यार्थ्यांची संख्या सत्तर. आठ ते बारा वर्षांचा मुलगा विंचेस्टरला यावा, व्याकरण शिकावा, अठराव्या वर्षापर्यंत ऑक्सफर्डला जावा, दोन वर्षे त्याची पारख व्हावी आणि मग तो तेथील फेलो व्हावा, अशी ही शिडी होती. ऑक्सफर्डच्या सत्तर जणांपैकी वीस जणांनी कायदा शिकावा, दहा जणांनी ख्रिस्तसभेचा आणि दहा जणांनी दिवाणी. उरलेल्या पन्नासांनी तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र शिकावे. त्यांतून दोघांना वैद्यक आणि दोघांना खगोलशास्त्र शिकण्याची मुभा होती. स्वतःची मालमत्ता, स्वतःचा कारभार आणि वरच्या टोकाला स्वतःचे कॉलेज असलेले विद्यालय इंग्लंडमध्ये या प्रमाणावर प्रथमच उभे राहत होते.

४

विकम यांच्या नावाशी जोडलेले सर्वांत प्रसिद्ध वाक्य म्हणजे त्यांचे ब्रीद, 'मॅनर्स मेकिथ मॅन'. दोन्ही संस्थांनी ते अजून जपले आहे. ब्रीदवाक्य लॅटिनमध्ये किंवा उमरावांच्या फ्रेंचमध्ये असावे, असा तो काळ होता. विकम यांचे ब्रीद मात्र त्यांच्या आईच्या भाषेत, इंग्रजीत आहे. १३६२ सालच्या कायद्याने न्यायालयांतील युक्तिवाद इंग्रजीतून व्हावेत असे ठरले होते, आणि महामारीनंतर व्याकरणशाळांतील मुलेही लॅटिनचा अर्थ फ्रेंचऐवजी इंग्रजीतून लावू लागली होती. लोकभाषेच्या या हलक्या पावलांच्या आगमनात एका बिशपचे ब्रीदही सामील आहे.

पण त्याचा अर्थ काय? मराठीत आपण त्याचे भाषांतर 'शिष्टाचाराने माणूस घडतो' असे केले, तर डोळ्यांपुढे काटे-चमचे आणि लवून केलेले अभिवादन येते. पुढच्या काळात इंग्रजांनीही ते बरेचदा तसेच घेतले. चौदाव्या शतकात या शब्दाचा पैस मोठा होता. वर्तन, सवयी, नीती, शील हे सारे त्यात येई. 'आचार' हा शब्द त्याला जवळचा आहे, आणि आपल्या घरगुती बोलीतील 'वळण' हा शब्द त्याहूनही जवळचा. वंशाने नव्हे, संपत्तीने नव्हे, तर वळणाने माणूस घडतो, हे सामान्य घरातून वर आलेल्या मनुष्याने उमरावांच्या दरबारात उभे राहून उच्चारलेले विधान आहे. त्यात नम्रता आहे तसा स्वाभिमानही आहे.

हे विधान विकम यांनी निदान एका जागी काचेवरही उतरवले. विंचेस्टर विद्यालयाच्या चॅपेलमधील पूर्वेच्या खिडकीत राजे आणि संत यांच्याबरोबर मुख्य गवंडी, सुतार, कामावरचा लेखनिक आणि काच रंगवणारा कारागीर यांच्याही आकृती होत्या. गवंडी विल्यम विनफर्ड आणि सुतार ह्यू हर्लंड ही त्या काळची नामांकित नावे. मूळ काचा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काढल्या गेल्या आणि त्या जागी हुबेहूब प्रतिकृती बसवण्यात आली. ती आजही पाहता येते. आपल्या मंदिरांच्या काचांत देणगीदारांची नावे असतात. गवंड्याचा चेहरा किती ठिकाणी असतो, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

५

ब्रीदवाक्य लिहिणे सोपे. वळण लावायचे तर दिवसाचे तास, जेवणाचे ताट आणि झोपण्याची खोली यांचा विचार करावा लागतो. नियमावलीचे वाङ्मयीन सामर्थ्य या तपशिलात आहे.

न्यू कॉलेजचे भोजनगृह आणि चॅपेल यांच्यामध्ये एक सामाईक भिंत आहे. भोजनगृहात उड्या मारणे, नाचणे, कुस्ती खेळणे याला नियमावली बंदी करते. आणि कारण देते ते असे की, भिंतीच्या पलीकडे चॅपेलमध्ये मूर्ती आहेत, धक्क्याने त्यांना इजा पोहोचेल. हे वाक्य विद्वानाला सुचणार नाही. भिंत उभी करणाऱ्यालाच ते सुचते. धान्य महागले की विद्यार्थ्यांच्या जेवणाचा आठवड्याचा भत्ता वाढावा, अशीही तरतूद आहे. भाव एकदा ठरवून दिला की संस्थापकाचे कर्तव्य संपले, असे विकम मानत नाहीत. त्यांनी मुकादमी केली होती. बाजार त्यांना ठाऊक होता.

जेवताना बायबलचे वाचन व्हावे, संभाषण लॅटिनमध्ये व्हावे, शिकारी कुत्रे व ससाणे पाळू नयेत, हे नियम सेमिनरीत राहिलेल्या कोणालाही फारसे परके वाटणार नाहीत. जेवणानंतर भोजनगृहात रेंगाळू नये, असेही सांगितले आहे. पण लगेच एक अपवाद येतो. हिवाळ्यात, सणाच्या रात्री शेकोटी पेटलेली असेल तर मुलांनी तेथे बसावे, गाणी म्हणावीत, काव्ये, राजांचे इतिहास आणि जगातील नवलकथा यांचे वाचन करावे. इतक्या बंद्यांच्या रांगेत ही एक उबदार खिडकी उघडते आणि लिहिणारा हात क्षणभर म्हाताऱ्या आजोबांचा होतो. कायद्याच्या भाषेतही माणूस लपत नाही, याचे हे उत्तम उदाहरण होय.

सर्वांत दूरगामी नियम शिकवण्याविषयीचा आहे. एकेका खोलीत तीन-चार जण राहावेत आणि त्यांतील ज्येष्ठाने धाकट्यांच्या अभ्यासावर व वर्तनावर लक्ष ठेवावे. नव्याने आलेल्यांना ज्येष्ठ फेलोंनी शिकवावे आणि त्याचा मोबदला कॉलेजने द्यावा. त्याआधी कॉलेज हे बहुतेककरून शिकून झालेल्यांच्या निवासाचे ठिकाण होते. कोवळ्या विद्यार्थ्याच्या शिकवणीची जबाबदारी कॉलेजने स्वतःवर घ्यावी, ही कल्पना येथे नियमाच्या रूपाने रुजली. ऑक्सफर्डची पुढे जगप्रसिद्ध झालेली शिकवणीची पद्धत याच वाटेने वाढली.

६

आता त्या शब्दाकडे वळू, ज्यासाठी हा लेख लिहिला. विंचेस्टरचे सत्तर विद्यार्थी 'गरीब आणि गरजू' असावेत, असे नियमावली म्हणते. शब्द दोन आहेत आणि दोन्ही स्पष्ट आहेत. पण नियमावली तेथेच थांबत नाही. ती गरिबीची मर्यादा सांगते. वर्षाला पाच मार्कांहून अधिक मिळकत असलेल्या मुलाला जागा नाही. पाच मार्क म्हणजे ३ पौंड, ६ शिलिंग, ८ पेन्स. १३६२ साली धर्मगुरूंच्या वाढत्या वेतनाला लगाम घालताना साध्या चॅपलेनसाठी ठरवलेली वर्षाची रक्कम तेवढीच होती. म्हणजे प्रौढ धर्मगुरू ज्या रकमेत वर्ष काढी, तेवढी स्वतःची मिळकत असलेला मुलगाही येथे 'गरीब' ठरू शकत होता. भूमिहीन मजुराचा मुलगा आणि हा मुलगा एकाच शब्दाखाली उभे राहिले की दारात कोण पुढे जाणार, हे सांगायला नको.

दुसरी सैल गाठ म्हणजे संस्थापकाचे नातलग. विकम यांच्या भावंडांच्या वंशजांना प्रवेशात अग्रक्रम आहे, आणि इतरांनी अठराव्या वर्षी विद्यालय सोडायचे असताना त्यांना पंचविसाव्या वर्षापर्यंत राहता येते. तिसरी गाठ आणखी सैल. विद्यालयाशी स्नेहसंबंध असलेल्या प्रतिष्ठित व वजनदार घराण्यांतील दहा मुलांना, विद्यालयावर बोजा न पडता, तेथे शिकू द्यावे. वंशाने नव्हे, वळणाने माणूस घडतो असे सांगणाऱ्या पुरुषाने आपल्याच नियमावलीत वंशासाठी दोन दारे उघडी ठेवली. ब्रीद आणि नियम यांच्यातील ही विसंगती लहान नाही.

आणि गरिबांतही दोन पंक्ती आहेत. चॅपेलमध्ये गाण्यासाठी सोळा मुले ठेवली जात. ती खरोखरीच निर्धन घरची असत. दयेपोटी त्यांना घ्यावे, असे नियमावली सांगते. त्यांनी फेलोंचे बिछाने घालावेत, भोजनगृहात वाढावे आणि फेलो व विद्यार्थी यांच्या ताटांत उरलेले खावे. 'उष्टे' या आपल्या शब्दाला जो दंश आहे तो लॅटिनमधील मूळ वाक्याला कदाचित नसेल. उरलेले अन्न गरिबांना देणे हे त्या काळी पुण्यकर्म होते आणि भुकेच्या दिवसांत त्या मुलांना ते वरदानही वाटले असेल. तरीही जे मुख पवित्र वेदीसमोर मरियामातेची स्तोत्रे गाते, त्याच मुखासाठी नियमपूर्वक उरलेला घास नेमून द्यावा, हे वाचताना लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंताच्या दाराशी पडलेला लाजरस आठवल्यावाचून राहत नाही. चौदाव्या शतकाला आजच्या मापाने मोजू नये, हे खरे. पण लाजरसची गोष्ट चौदाव्या शतकातही वाचली जातच होती.

७

नियमावलीत कोणी बदल करू नये, म्हणून विकम यांनी तिला शपथांची तटबंदी घातली. अक्षरे शाबूत राहिली, अर्थ मात्र सरकत गेला. ओसरी दिल्यावर हातपाय पसरावेत, तसे त्या दहा मुलांचे झाले. शुल्क भरून राहणाऱ्यांची संख्या वाढत एकोणिसाव्या शतकात शंभराच्या वर गेली आणि विंचेस्टर हे इंग्लंडच्या वरिष्ठ वर्गाच्या विद्यालयांत गणले जाऊ लागले. संस्थापकाच्या नातेसंबंधाचे दावे शतकानुशतके चालले. तो हक्क रद्द व्हायला १८५७ साल उजाडले.

सर्वांत बोलके उदाहरण परीक्षांचे आहे. आपल्या फेलोंनी पदवीसाठी विद्यापीठाकडे सवलतीची याचना करू नये, असा विकम यांचा दंडक होता. त्यांनी प्रत्येक अट पूर्ण करूनच पदवी घ्यावी, हा त्यातील हेतू. नंतरच्या पिढ्यांनी त्याचा अर्थ उलटा लावला : न्यू कॉलेजच्या सदस्यांना विद्यापीठाच्या परीक्षेची गरजच नाही. अधिक कसून अभ्यास व्हावा म्हणून लिहिलेले वाक्य आळसाचे हक्कपत्र झाले, आणि ही सूट १८३४ पर्यंत चालली. शब्द सुरक्षित ठेवला म्हणजे त्यातील हेतूही सुरक्षित राहतो, असे मानणाऱ्या सर्वांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. आज विंचेस्टरचे सत्तर स्कॉलर परीक्षेतील गुणवत्तेवर निवडले जातात, शुल्कात सवलत कुटुंबाची मिळकत पाहून मिळते, आणि विद्यालयाची गणना देशातील महागड्या शाळांत होते.

पण या वाचनाची जमेची बाजूही मोठी आहे. राजा सहावा हेन्री याने १४४० मध्ये ईटन आणि १४४१ मध्ये केंब्रिजचे किंग्ज कॉलेज स्थापन केले ते विकम यांचाच नकाशा समोर ठेवून. विंचेस्टरचे मुख्याध्यापक विल्यम वेनफ्लीट यांनाच त्याने ईटनला नेले. पुढे वेनफ्लीट हेही विंचेस्टरचे बिशप आणि चॅन्सेलर झाले, आणि त्यांनी ऑक्सफर्डमध्ये मॉडलिन कॉलेज स्थापन केले. एका नियमावलीने दुसऱ्या संस्थापकाला जन्म दिला, असेच म्हणावे लागेल.

८

सोळाव्या शतकात इंग्लंड रोमपासून तुटले. आपल्या आत्म्यासाठी नित्य मिस्सा व्हाव्यात, ही विकम यांची योजना तेथेच खुंटली. व्याकरणाचे वर्ग मात्र चालू राहिले. १५५९ नंतर न्यू कॉलेजमधील अनेक फेलोंनी कॅथोलिक श्रद्धा सोडण्यास नकार दिला आणि आपल्या जागा गमावल्या. थॉमस हार्डिंग, थॉमस स्टेपलटन आणि निकोलस सँडर हे तिघेही विंचेस्टर व न्यू कॉलेज या शिडीने वर आलेले. तिघांनीही परदेशात, लूव्हेन येथे आश्रय घेऊन आपली लेखणी श्रद्धेच्या बचावासाठी चालवली.

याच विद्यालयाचा एक धागा आपल्या भाषेपर्यंत येतो. विल्टशरमध्ये १५४९ च्या सुमारास जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स हे विंचेस्टरला शिकले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांचा मित्र थॉमस पाउंड हाही विंचेस्टरचाच. स्टीफन्स १५७५ मध्ये रोम येथे येशूसंघात दाखल झाले, २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याला पोहोचले आणि उरलेले आयुष्य त्यांनी मुख्यतः साष्टीत घालवले. सुमारे ११,००० ओव्यांचे त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्यांनी रचलेले कोकणी भाषेचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये प्रसिद्ध झाले.

एका शाळेने एक ग्रंथ लिहिला, असा दावा करणे भाबडेपणाचे होईल. ख्रिस्तपुराणामागे मराठी संतांची ओवी आहे, साष्टीतील श्रोते आहेत आणि स्टीफन्स यांची स्वतःची प्रतिभा आहे. तरीही परक्या भाषेच्या दारात उभे राहिल्यावर आधी तिचे व्याकरण शिकावे, मगच तीत प्रभूविषयी बोलावे, ही शिस्त त्यांच्यापाशी होती. आणि व्याकरण हे सर्व विद्यांचे प्रवेशद्वार आहे, हे वाक्य त्यांच्या विद्यालयाच्या सनदेत दोनशे वर्षांपूर्वीच लिहिलेले होते. महामारीत रिकाम्या झालेल्या वेदींसाठी विकम यांनी जी शिडी उभी केली, तिच्या पायऱ्यांवरून कोण कोठे पोहोचेल, हे त्यांनाही कळणे शक्य नव्हते.

९

बिशप विकम २७ सप्टेंबर १४०४ रोजी निवर्तले. विंचेस्टर कॅथेड्रलच्या मध्यभागी, त्यांनी स्वतः नव्याने घडवायला घेतलेल्या प्रशस्त मंडपात, त्यांची समाधी आहे. लहानपणी ते ज्या वेदीसमोर मिस्सा ऐकत असत, त्याच जागी ती बांधली आहे असे सांगतात. पहुडलेल्या बिशपच्या पायांशी तीन लहान आकृती हात जोडून प्रार्थना करीत बसलेल्या आहेत.

या माणसाविषयी अखेरचे मत काय द्यावे? त्यांच्या संपत्तीचा उगम निर्दोष नव्हता. तिचा विनियोग मात्र त्यांच्या बरोबरीच्या फार थोड्यांना साधला. लेखक म्हणून त्यांच्यापाशी बारकावा होता, अनुभव होता आणि क्वचित मायाही होती. त्यांची चूक एकच, पण मोलाची. 'गरीब' हा शब्द त्यांनी लिहिला आणि तो स्वतःचे रक्षण स्वतः करील, असे गृहीत धरले. नातलगांसाठी, वजनदारांसाठी त्यांनी अपवाद लिहून ठेवले. गरिबासाठी तसा पहारा ठेवला नाही. बलवानांना आपला अपवाद कसा वाढवायचा हे शिकवावे लागत नाही. दुर्बलांचा हक्क मात्र दर पिढीत कोणीतरी पुन्हा वाचून दाखवावा लागतो.

आपल्या समाजातही ख्रिस्तसभेने काढलेल्या शाळा आहेत आणि त्यांच्या स्थापनेच्या कागदांत गरिबांचा उल्लेख बहुधा पहिल्याच पानावर असतो. त्या शाळांचे रौप्यमहोत्सव आणि सुवर्णमहोत्सव आपण थाटाने साजरे करतो, संस्थापकांच्या तसबिरींना हार घालतो. त्या दिवशी व्यवस्थापनातील मंडळींनी आणखी एक काम करावे. ते पहिले पान आणि त्या वर्षीची प्रवेशनोंदवही, दोन्ही एकाच टेबलावर शेजारी ठेवावीत आणि शांतपणे वाचावीत. विकम यांच्या नियमावलीपासून घेण्यासारखा धडा मला तरी हाच दिसतो, आणि तो घेण्यासाठी इंग्लंडला जावे लागत नाही.